तोकुजीची काळी बुरशी

रताळ्याची दोन्ही टोकं उडवायची, किडका भाग कोरून काढायचा आणि चांगलं तेवढं पाटीत टाकायचं. हिगोंच्या शोचूच्या, म्हणजे रताळ्याच्या दारूच्या, भट्टीपुढच्या अंगणात सुगीभर बायकांची रांग हेच काम करत बसे. रताळी सकाळी शेतातून यायची, मातीसकट. ती फार दिवस थांबत नाहीत. ढिगाच्या पोटात उबतात, मऊ पडतात, मग त्यांना जो वास सुटतो तो दारूत उतरतो आणि काही केल्या जात नाही. म्हणून बायकांचे हात थांबून चालत नसे.

या रांगेच्या शेवटी भिंतीला टेकून केसानो बसायची. तिच्या चाकूचं पातं धार लावून लावून काडीसारखं झालं होतं. बाकीच्या जिथे नखाएवढा डाग काढत, तिथे ती बोटभर खोल जाई. शेजारी बसणारी नोबुए तोंडाची फटकळ. ती एकदा म्हणाली, "केसानो, ते रताळं कधीच मेलंय गं. अजून किती भोसकशील त्याला?"

"मेलंय का नाही ते बघते," केसानो म्हणाली.

बायका हसल्या, पण जपूनच हसल्या. केसानो त्या गावात, ताकेउरात, बुरशीवाल्याची विधवा म्हणून ओळखली जायची. तिच्या हातचा चहा पुष्कळ जणी घेत नसत. असल्या बाईनं हिगोंच्याच अंगणात रोजावर यावं, याचं पहिल्या वर्षी सगळ्यांना नवल वाटलं होतं. पुढे सवय झाली. पोटासाठी माणूस काय करत नाही, असं लोक म्हणाले. केसानोनं ते म्हणू दिलं. ती तिथे पोटासाठी आलेली नव्हती.

तिचा नवरा तोकुजी याच भट्टीवर कोजी लावायचा. कोजी म्हणजे बुरशी आलेला भात. वाफवलेल्या तांदळावर बुरशीचं बी भुरभुरायचं, लाकडी खोलीत ऊब धरून ठेवायची, पोरासारखं पांघरूण घालायचं आणि काढायचं. दुसऱ्या दिवशी भाताला चेस्टनटसारखा वास येतो. त्या बुरशीच्या रसानं भात गोड होतो, रताळं विरघळतं आणि मग रांजणात दारू खदखदायला लागते. बुरशी नसेल तर ढीगभर रताळ्यांची नुसती लापशी. तोकुजीची बुरशी काळी होती, आजोबापणजोबांच्या वेळची. तिची पूड अंगावर बसे, नाकात जाई; तो शिंकरला तरी काळं निघे. केसानो त्याचे कपडे वेगळे धुवायची. ते पाणी काजळीसारखं व्हायचं आणि ती तोकुजीच्या नावानं बोटं मोडायची. लग्नानंतरच्या त्या वर्षांत तिला एवढंच एक दुःख होतं.

मग देश युद्ध हरला. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तांदूळ नव्हता, रताळीसुद्धा मोजकी होती, आणि परत आलेल्या पुरुषांना विसरायचं मात्र भरपूर होतं. दिसेल ते लोक पीत होते. भट्टीत जेमतेम काही रांजण भरले. नव्या दारूच्या पहिल्या धारेचा सण त्या वर्षी झालाच नाही, देवापुढे नुसतं पाणी ठेवलं गेलं. तरी हिगोंच्या बाटल्या संपत नव्हत्या. एक दिवस तोकुजी रांजण धुवायला मागच्या कोठीत गेला तर मालक यासुतोमी हिगो तिथे एकटेच होते. पुढ्यात पत्र्याचं पिंप होतं आणि हातात पळी. पाणी लावतोय, असं म्हणाले. पिंप नौदलाच्या ओसाड पडलेल्या गोदामातलं होतं, इंजिनात घालायच्या स्पिरिटचं. तोकुजीनं घरी येऊन हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मालकांना जाऊन विचारा. तो म्हणाला, उद्या विचारतो.

तो उद्या आलाच नाही. त्या संध्याकाळी किनाऱ्यावर होड्या ओढून झाल्यावर काही जण हिगोंच्या बाटलीतलं प्यायले. दोघं दुसऱ्या दिवशी गेले. तिसरा वाचला, पण शुद्धीवर येऊन विचारायला लागला की दिवा का लावत नाही. बाहेर ऊन पडलं होतं. तो हेइसाकू, केसानोचा सख्खा मोठा भाऊ.

देवळात दोन शवपेट्या ठेवलेल्या असताना यासुतोमी हिगो उभे राहिले. काळा पोशाख, हातात जपमाळ. त्यांनी आपल्या भट्टीत हे घडलं म्हणून मान खाली घातली आणि मग शांत आवाजात सांगितलं की बुरशीचं बी बिघडलं होतं, बुरशीतूनच मेथिल झालं, तोकुजीच्या ते ध्यानात यायला हवं होतं. मेथिल हा शब्द तेव्हा मुलांनाही ठाऊक झाला होता. शहरांत माणसं त्यानं आंधळी होत होती. सगळ्यांच्या माना तोकुजीकडे वळल्या. तोकुजी उठला, दोन पावलं पुढे आला आणि पेट्यांसमोर गुडघे टेकून कपाळ चटईला लागेपर्यंत वाकला. पुष्कळ वेळ तसाच राहिला.

झालं. आमच्याकडे माणूस असा वाकला की त्यानं कबूल केलं, असंच धरतात. मग कुणी काही विचारत नाही. विचारणं असभ्य दिसतं.

घरी आल्यावर केसानोनं त्याला धरून हलवलं. "का वाकलात? तुम्ही काय केलं होतं?"

"मेलेल्यांसमोर ताठ कोण उभं राहतं?" तो म्हणाला.

पुढे त्यानं पिंपाबद्दल दोघातिघांना सांगून पाहिलं. पण वाकून झाल्यावर बोललेलं कोण ऐकतं? शिवाय गावाचं पोट हिगोंच्या भट्टीला बांधलेलं होतं. कोठीत पिंप नव्हतं, बाटल्या समुद्रात ओतून टाकलेल्या. हिगोंनी दोन्ही घरांच्या विधींचा खर्च उचलला, काळी बुरशी बंद केली आणि पांढरी आणली. पांढरीनं कपडे मळत नाहीत. लोकांना ते बरं वाटलं. तोकुजीला कुठल्याच भट्टीवर काम मिळेना. तो उत्तरेला कोळशाच्या खाणीत गेला आणि तिथलं छत कोसळलं. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला अस्थींचा डबा केसानोच्या हातात आला. ती तो घेऊन भावाच्या दारावरून गेली, तेव्हा हेइसाकू ओटीवर जाळं विणत बसला होता. आंधळ्यानं पावलं ओळखली. तो म्हणाला, "तुझ्या नवऱ्याच्या बुरशीनं माझे डोळे खाल्ले. माझ्या दारावरून जाऊ नकोस."

त्या दिवशी केसानोनं मनाशी गाठ मारली. नवऱ्याच्या माथी फोडलेलं खापर ती हिगोंच्याच हातानं, सगळ्या गावादेखत, हिगोंच्या माथी फोडून घेणार होती. कुणाकडून वदवून नाही, की कुजबुजीतून नाही. यासुतोमीच्या तोंडूनच ते निघालं पाहिजे होतं. कसं, ते तिला ठाऊक नव्हतं. पण डूख धरायला कसं ते ठाऊक असावं लागत नाही.

तिच्याजवळ एक गोष्ट होती. तोकुजीनं भट्टी सोडताना त्याच वर्षीचं काळं बी, मुठीएवढ्या मडक्यात, कॅमेलियाच्या लाकडाच्या राखेत मिसळून घरी आणलं होतं. मडक्याला त्यानं स्वतः वळलेला गवताचा दोर होता. फेकून द्यायला त्याचा हात उठला नव्हता. केसानोनं ते देवघरात, बुद्धाच्या मूर्तीखालच्या फळीवर ठेवलं. बी जुनं झालं की मरतं, एवढं तिला माहीत होतं. म्हणून दर वर्षी हिवाळ्यात मूठभर भात वाफवून त्यावर ती ते पेरायची, काळं झालं की वाळवायची आणि पुन्हा राखेत घालायची. सकाळी देवापुढे भाताची वाटी ठेवून ती नामू आमिदा बुत्सू, आमिदा बुद्धाला शरण, असं म्हणे. वर आमिदाचं नाव आणि खालच्या फळीवर तिचा डूख. या कामात मदत कर असं मात्र तिनं आमिदाला कधी म्हटलं नाही. काय मागावं आणि काय मागू नये हे तिला कळत होतं.

अशी काही वर्षं गेली. गावात वीज आली, पोरांच्या पायात बूट आले. यासुतोमी हिगो केसांनी पांढरे झाले, आणखी सभ्य झाले. अंगणातून जाताना ते बायकांशी बोलत. केसानोपाशी थांबून एकदा म्हणाले, "थंडी वाढलीय, अंगावर नीट घेत जा." तिनं मान लववली. चाकू हातात होता. त्या रताळ्याचं तिनं त्यानंतर काय केलं ते नोबुएनं सगळ्यांना सांगितलं. खाण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मग एका सुगीत सरकारी तपासनीस आला. चष्मेवाला, तरुण, रताळी निवडणाऱ्या बायकांशीही अदबीनं बोलणारा. जेवणाच्या सुट्टीत त्यानं सगळ्यांना बसवून सांगितलं की डाग नीट का काढायचे, बुरशीची खोली स्वच्छ का ठेवायची. केसानो कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी तिनं विचारलं की बुरशीतून मेथिल होतं का.

नोबुएनं तिला कोपरानं ढोसलं.

तपासनिसाला गावचा इतिहास ठाऊक नव्हता. तो सरळ म्हणाला, "होतं. खोटं कशाला सांगू?" रताळ्याच्या अंगात एक चिकट खळ असते, तीच त्याचा गर धरून ठेवते, मुरंबा घट्ट होतो तो त्याच जातीच्या खळीनं. बुरशीचा रस ती खळ तोडतो, आणि तुटताना त्यातून चिमूटभर मेथिल सुटतं. बुरशीची जात, रताळ्याचा ताजेपणा, यावर थोडं कमीजास्त. पण प्रत्येक रताळ्याच्या दारूत ते असतंच, आजोबांच्या वेळीही होतं.

"त्यानं डोळे जातात?" केसानोनं विचारलं.

तो हसला. म्हणाला, बाई, त्या मेथिलनं डोळे जाण्याइतकं प्यायचं तर त्याच्या आधी माणूस दारूनंच मरेल. रताळ्याच्या दारूनं कुणी आंधळं झालं असेल तर त्यात कुणीतरी बाहेरून काहीतरी ओतलं असणार.

खरं म्हणजे केसानोला आनंद व्हायला हवा होता. पण ती घरी गेली ती पहिला शब्द घेऊन. होतं. म्हणजे बुरशी मेथिल करते हे खरंच होतं. इतकी वर्षं तिनं नवऱ्यावर विश्वास ठेवला असं तिला वाटत होतं, आणि आता मनाच्या तळाशी पाहिलं तर तिथे एक किडका डाग होताच. बी खरंच बिघडलं असेल तर? तपासनीस चांगल्या बुरशीबद्दल बोलत होता. या मडक्यातलं त्यानं कुठे पाहिलं होतं? त्याला ते दाखवावं असंही तिच्या मनात आलं. पण शहरातून कागद येईल, कागदावर आकडा असेल, आणि हिगो तो वाचून मान हलवतील. गाव कागदाला वाकत नाही.

तिनं स्वतः करून पाहायचं ठरवलं. घरी दारू गाळायला बंदी होती. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या गाळत असत. तिनं मडक्यातलं बी भातावर पेरलं, रताळी वाफवली, गाडग्यात लावलं, आणि पुढे ते खदखदून शांत झाल्यावर पातेल्यावर पातेलं उपडं घालून गाळलं. तोकुजी दमून घरी आला की जो पेला घ्यायचा, तोच तिनं काढला. आमच्याकडे त्या पेल्याला दारेयामे म्हणतात, थकवा उतरवायचा पेला. तिनं पणतीत तेल घातलं, भावाचं नाव मनात घेतलं आणि तो पेला गटागटा प्यायली. जळजळ घशातून पोटात गेली. तिला तोकुजीच्या कपड्यांचा वास आला. मग अंथरुणावर पडून ती रडली. कशासाठी ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सकाळी डोळे उघडायला ती घाबरली. आधी कानांनी पाहिलं: कोंबडा, लाट, शेजारणीची बादली. मग उघडले. खिडकीच्या चौकटीत काइमोनचा डोंगर उभा होता, निळा, त्याच्या टोकाला ढगाचा फेटा. झाडांच्या ओळीसुद्धा मोजता आल्या असत्या. तिनं हात जोडले. "तुमची माफी मागते," असं ती देवघरातल्या डब्याकडे बघून म्हणाली. मग तिनं तोंड धुतलं, आणि तिला काय करायचं ते कळलं.

भट्टीचा उस्ताद सेनकिची म्हातारा झाला होता. रांजणाला कान लावून दारूचं वय सांगणारा माणूस. पण पांढऱ्या बुरशीवर त्याचा जीव नव्हता. स्वच्छ आहे, आज्ञाधारक आहे, पण सुनेसारखी अजून परकीच वाटते, असं तो म्हणे. केसानो त्याच्याकडे मुरलेली लोणची घेऊन गेली आणि बोलता बोलता म्हणाली की तिच्याकडे थोडी जुनी काळी आहे. उस्तादाच्या हातातली काडी थांबली. त्यानं दाराकडे पाहिलं.

"जिवंत आहे?"

"मी प्यायलेय," ती म्हणाली. "बघते आहे ना तुमच्याकडे?"

म्हाताऱ्यानं मडकं नाकाशी नेलं. दोर ओळखला. त्याचे डोळे भरून आले, पण त्याला पहिल्यांदा आठवली ती चव, माणूस मागाहून आठवला. कारागीर असाच असतो. तो म्हणाला की एकाच रांजणाला लावू, कोपऱ्यातल्या, काळं पडायच्या आधी काढू, मालक बुरशीच्या खोलीत पाऊलही टाकत नाहीत. यंदा पहिल्या धारेला कागोशिमाचे व्यापारी येणार आहेत. त्यांनी वाहवा केली की मग मालकांना सांगू. केसानोनं हो म्हटलं. त्याची हाव तिला हवीच होती. तिचा बेत तिनं त्याला सांगितला नाही.

पहिल्या धारेचा दिवस म्हणजे भट्टीचा सगळ्यांत मोठा सण. अंगण झाडलेलं, दारावर गवताचा नवा दोर, पाण्याच्या देवापुढे मीठ, भात आणि मासा. सकाळपासून वाफ चालू होती. सगळं गाव जमतं. गाळायच्या भांड्याच्या नळीतून पहिली धार बांबूच्या भांड्यात धरतात, अर्धी देवाला वाहतात, आणि उरलेली मालकानं सगळ्यांदेखत पहिल्यांदा प्यायची. त्याच्याआधी कुणी ओठ लावत नाही. मालक जी दारू पीत नाही ती कुणी विकत घेत नाही.

केसानोनं आदल्या दिवशी एक काम केलं होतं. भावाच्या दारावरून जायचं नाही हा त्याचा हुकूम तिनं पहिल्यांदा मोडला. म्हणाली, दादा, उद्या भट्टीवर ये. तो म्हणाला, कशाला, उरलेलं काय न्यायचंय माझं? ती म्हणाली, "ऐकायला ये. डोळे नाहीत म्हणून काय झालं?" आणि त्यानं दार लावायच्या आत निघून आली. तो येईल की नाही तिला माहीत नव्हतं. पण धार सुरू झाली तेव्हा काठीचा आवाज अंगणात आला, आणि लोकांनी त्याला पुढे वाट करून दिली.

धार देवाला वाहून झाली. यासुतोमी हिगोंनी पेला दोन्ही हातांनी उचलला. तेव्हा रताळ्यांच्या बायकांमधून केसानो पुढे आली. अंगावर तोच कामाचा डगला, कमरेला चाकू, हातात गवताच्या दोराचं मडकं. आवाज तिनं वाढवला नाही.

"मालक, प्यायच्या आधी सांगायला हवं. या धारेत तोकुजीची काळी बुरशी आहे. त्याच वर्षीचं बी."

सेनकिची उस्ताद भिंतीला टेकला. कुणीतरी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पाहून ते खरं आहे हे सगळ्यांना कळलं. व्यापारी एकमेकांकडे बघायला लागले. मागे कुणीतरी आपल्या मुलाला जवळ ओढलं.

हिगोंचा पेला ओठांपाशी होता, तो छातीपर्यंत खाली आला. त्यांनी हसायचा प्रयत्न केला. केसानो त्यांच्या हाताकडे बघत होती. तो पेला ओठांकडे परत नेईना, आणि ते बघताना तिच्या मनात जे आलं त्याची पुढे तिला लाज वाटली. पण त्या क्षणी ते उसाच्या रसासारखं गोड लागलं. हा माणूस घाबरला होता. इतकी वर्षं आपलंच खोटं सांगून सांगून, थोडं थोडं का होईना, त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

"प्या ना, यासुतोमी-सान," हेइसाकू म्हणाला. आंधळ्याचा चेहरा बरोबर त्यांच्याकडे वळलेला होता. "मी प्यायलो होतो."

आता न पिऊन चालणार नव्हतं. प्यायलं नाही तर व्यापारी रिकाम्या हातानं जाणार, वर्षाची दारू मातीत. हिगोंनी डोळे मिटले आणि पेला एका दमात रिकामा केला. घसा हलला. ते उभे राहिले. मग त्यांनी डोळे उघडले, नळी पाहिली, माणसं पाहिली, आपल्याला सगळं दिसतंय हे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. जीव वाचलेल्या माणसाची जीभ सैल सुटते. ते व्यापाऱ्यांकडे वळून मोठ्यानं म्हणाले:

"काळी असो की पांढरी, माझ्या भट्टीत बुरशीनं कधी कुणी मरत नाही."

म्हटलं आणि त्यांनाच ते ऐकू आलं.

अंगणात फक्त धारेचा आवाज होता, बांबूत पडणारा. हेइसाकूनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मग मी काय प्यायलो होतो?" तो म्हणाला.

हिगो गोंधळले, आणि गोंधळलेला सभ्य माणूस जे करतो ते त्यांनी केलं. पाहुण्यांसमोर हा प्रसंग घडला म्हणून माफी मागायला ते व्यापाऱ्यांच्या दिशेनं वाकले. कमरेतून, खूप खाली. पण व्यापाऱ्यांच्या आणि त्यांच्या मध्ये हेइसाकू उभा होता, आणि त्याच्या मागे त्या दोन मेलेल्यांच्या बायका. सगळ्या गावानं मालकाला त्यांच्यासमोर वाकलेलं पाहिलं. देवळात तोकुजी वाकला तेव्हा गावानं जे मानलं होतं, तेच आताही मानलं. कुणी काही विचारलं नाही. तेव्हा गाव चुकलं होतं. या खेपेला चुकलं नाही.

नोबुए सगळ्यांत आधी हलली. ती परत रांगेत जाऊन बसेल असं वाटलं. पण तिनं आपला चाकू घेतला, डगल्याला पुसला आणि हिगोंच्या पायापाशी ठेवला. मग दुसरीनं ठेवला. मग तिसरीनं. केसानोनं सर्वांत शेवटी, काडीसारखं पातं झालेला.

सकाळी आलेल्या रताळ्यांच्या गाड्या अंगणातच उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना हात लावायला कुणी गेलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी ढिगाच्या पोटात वाफ धरली. आठवडाभरात तो वास खाली बंदरापर्यंत आला. व्यापारी तर त्याच दुपारच्या बसनं गेले होते. हिगो घराबाहेर दिसेनासे झाले. त्यांची बायको मात्र एका पहाटे दोन्ही विधवांच्या दारात जाऊन बराच वेळ वाकून आली. केसानोच्या दारात ती आली नाही. केसानो वाट बघत होती असं नाही. पण दार तिनं उघडं ठेवलं होतं, हे खरं.

त्या सुगीत गावातल्या कुणालाच रोज मिळाला नाही. नोबुएनं आपल्या मुलीचं बाहुली-सणाचं कापड घ्यायचं राहून गेल्याचं केसानोला ऐकवलं, आणि मग स्वतःच्या मळ्यातला मुळा तिच्या पायरीवर ठेवून गेली. सेनकिची उस्तादानं रांजण धुऊन पालथे घातले आणि मुलाकडे राहायला गेला. जाताना त्यानं मूठभर बी मागितलं. केसानोनं दिलं. वासाचे दिवस चालू असताना ती रोज भट्टीवरून मुद्दाम जायची. सडकी रताळी बघायची. सूड गोड असतो म्हणतात; तो होताही, पहिले काही दिवस. मग त्यालाही वास यायला लागला, आणि ती दुसऱ्या वाटेनं जायला लागली.

एका संध्याकाळी, ऊन अजून काइमोनच्या खांद्यावर असताना, तिच्या पायरीवर काठी वाजली. हेइसाकू होता. तिनं हात धरून आत घेतलं नाही. त्याला ते आवडलं नसतं. तो भिंत चाचपत देवघरापर्यंत आला, डब्यासमोर बसला आणि वाकला. तोकुजी वाकला होता तसा, कपाळ चटईला लागेपर्यंत. केसानो स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं तोंड फिरवलं.

मग तिनं काळ्या किटलीत पाणी आणि मडक्यातल्या बियाची घरी गाळलेली दारू घालून निखाऱ्यांवर ठेवली, तोकुजीला लागायची तशी कोमट. मुळ्याच्या फोडी केल्या. दोन पेले भरले, एक भावाच्या हातात दिला. त्यानं तो नाकाशी नेला, पुष्कळ वेळ हुंगला. बोटं पेल्याच्या काठावरून फिरत राहिली. पण ओठाला त्यानं लावला नाही. इतकी वर्षं एका दिवसात जात नाहीत.

"आधी तू," तो म्हणाला.

केसानोला राग आला नाही. तिनं आपला पेला उचलला, त्याला ऐकू जाईल असा घोट घेतला आणि रिकामा पेला त्याच्या गुडघ्यापाशी ठेवला.

"प्यायले, दादा."

त्यानं हात पुढे करून तो पेला चाचपला, आत बोट घालून बघितलं. रिकामाच होता. मग त्यानं स्वतःचा उचलला.